नव्या डिस्कवर हलवलेला लिनक्स सर्व्हर पुन्हा पुन्हा जुन्या डिस्कच्या शोधात का अडकतो?

काही वर्षे साटा (जुन्या जोडणीच्या) एसएसडीवर किंवा रेड (अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या) कार्डामागच्या डिस्कांवर चाललेला लिनक्स सर्व्हर एनव्हीएमई (अधिक वेगवान जोडणीच्या) डिस्कवर हलवला, त्या दिवशी तो नीट सुरूही झाला, आणि पुढे कर्नल (प्रणालीचा गाभा) अद्ययावत करून रीबूट केल्यावर मात्र मूळ फाइलप्रणाली सापडत नाही असे सांगून थांबला, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. अशा वेळी बहुतेक जण ग्रब या बूटलोडरच्या (कर्नल चढवणाऱ्या प्रोग्रामच्या) मेनूत ‘ई’ दाबून कर्नलच्या ओळीत हाताने बदल करतात, सर्व्हर सुरू होतो, काम मार्गी लागते, आणि पुढच्या अद्ययावतीकरणानंतर तेच दुखणे पुन्हा डोके वर काढते. मेनूत केलेला बदल फक्त त्या एका बूटपुरता असतो आणि कुठेही लिहून ठेवला जात नाही, हे उघड आहे. पण ज्यांनी रीतसर फाइल उघडून दुरुस्ती केली, त्यांच्याकडेही समस्या परत येते, आणि तिचे कारण जरा खोलात जाऊन पाहावे लागते.

जुन्या डिस्कची ओळख सर्व्हरवर एकाच जागी नोंदलेली नसते. फर्मवेअरच्या (यंत्रात अंगभूत असलेल्या सुरुवातीच्या प्रोग्रामच्या) स्मृतीत, ईएफआय विभाजनातल्या (बूटलोडर ठेवण्याच्या जागेतल्या) छोट्या ग्रब फाइलमध्ये, कर्नलच्या आदेश-ओळीत, इनिटरॅमएफएसच्या (मूळ फाइलप्रणाली जोडण्यापूर्वी कर्नल वापरतो त्या छोट्या प्रतिमेच्या) पोटात, एफएसटॅबमध्ये (काय कुठे जोडायचे याच्या यादीत), आणि डेबियनसारख्या वितरणात पॅकेज व्यवस्थेच्या नोंदवहीतही ती पडून असते. यांपैकी काही नोंदी मूळ असतात, तर काही त्या मुळावरून तयार झालेल्या प्रती असतात. प्रत दुरुस्त केली आणि मूळ तसेच राहिले, की पुढच्या वेळी प्रत नव्याने तयार होताना जुनी ओळख तिच्यात पुन्हा उतरते. त्यामुळे कोणत्याही फाइलला हात लावण्यापूर्वी ती फाइल कोण तयार करते आणि केव्हा तयार करते, हे पाहणे अगत्याचे आहे. खालील विवेचन डेबियन व उबुंटू, तसेच रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स आणि त्याच्या घराण्यातली रॉकी व अल्मा ही वितरणे डोळ्यांसमोर ठेवून केले आहे.

बूट नेमके कुठे थांबते?

पडद्यावर काय दिसते त्यावरून निम्मे निदान होते. सर्व्हर ग्रबपर्यंत पोहोचतच नसेल आणि बूट करण्याजोगे साधन नाही असे म्हणून नेटवर्क बूटकडे वळत असेल, तर दोष फर्मवेअरच्या नोंदीत आहे. मेनू न येता नुसता ‘ग्रब’ किंवा ‘ग्रब रेस्क्यू’ असा प्रॉम्प्ट येत असेल, तर ग्रबला स्वतःची संरचना-फाइल किंवा मॉड्यूल सापडलेली नाहीत. कर्नल चढला, पण अमुक यूयूआयडी (फाइलप्रणालीचा ओळखक्रमांक) अस्तित्वात नाही असा इशारा देऊन डेबियन किंवा उबुंटूने बिझीबॉक्सच्या (मोजक्या आज्ञांच्या) शेलवर सोडले, अथवा रेड हॅट घराण्यात ड्रॅकटच्या (तेथे इनिटरॅमएफएस तयार करणाऱ्या प्रोग्रामच्या) प्रतीक्षेची मुदत संपून आपत्कालीन शेल आले, तर इनिटरॅमएफएस किंवा आदेश-ओळ यांपैकी एक चुकते आहे. आणि मूळ फाइलप्रणाली जोडली जाऊन, सिस्टमडीने (सेवा सुरू करणाऱ्या व्यवस्थेने) दीड मिनिट वाट पाहून मग आपत्कालीन अवस्थेत नेले, तर बहुधा एफएसटॅबमधली एखादी दुय्यम नोंद जुनी आहे. सिस्टमडी एखाद्या साधनाची वाट मुळात ९० सेकंद पाहते, त्यामुळे हा विराम ओळखीचा असतो.

शेवटच्या प्रकारात फार काळ घालवण्याचे कारण नाही. एफएसटॅबमध्ये ‘एसडीए१’ अशी नावे असतील तर ती यूयूआयडीने बदलावीत, कारण एनव्हीएमईवर त्याच विभाजनाचे नाव ‘एनव्हीएमई०एन१पी१’ असे होते. विदागाराच्या आणि बॅकअपच्या ज्या विभाजनांवाचून सर्व्हर उभा राहू शकतो, त्यांना ‘नोफेल’ हा पर्याय द्यावा. बदलानंतर ‘फाइंडमाउंट --व्हेरिफाय’ ही आज्ञा चालवली की फाइलमधल्या चुका रीबूट न करताच दिसतात.

इनिटरॅमएफएस: ड्रायव्हर नाही की ओळख नाही?

बहुतेकांची रात्र जाते ती येथे. आपत्कालीन शेलवर आल्याबरोबर रीबूट करण्याऐवजी ‘/प्रॉक/पार्टिशन्स’ ही फाइल ‘कॅट’ने वाचावी. नवी डिस्क त्या यादीत नसेल, तर कर्नलला तिचा ड्रायव्हरच मिळालेला नाही. डिस्क यादीत असेल, तर ड्रायव्हर ठीक आहे आणि दोष ओळखीत आहे; मग ‘बीएलकेआयडी’ने दाखवलेला यूयूआयडी आणि ‘/प्रॉक/सीएमडीलाइन’मधला यूयूआयडी शेजारी ठेवून ताडून पाहावेत. या एका तपासणीने पुढचा रस्ता ठरतो, आणि ती न करता इनिटरॅमएफएस पुन्हा पुन्हा तयार करत राहणे म्हणजे नाडी न पाहता औषध देण्यासारखे आहे.

ड्रायव्हर का मिळत नाही, याचे उत्तर वितरणागणिक बदलते. रेड हॅट घराण्यात ड्रॅकट मुळातच ‘होस्टओन्ली’ पद्धतीने चालते. म्हणजे इनिटरॅमएफएस तयार होतेवेळी यंत्रात जी साधने आहेत, तेवढ्यांचेच ड्रायव्हर ते आत घालते. जुन्या यंत्रावर फक्त साटा असेल, तर तयार झालेल्या प्रतिमेत एनव्हीएमईचा ड्रायव्हर नसणे अगदी स्वाभाविक आहे. येथे एक उपयुक्त खूण आहे. मेनूतली नेहमीची नोंद अडकते, पण ‘रेस्क्यू’ अशी नोंद निवडली की सर्व्हर सुरळीत उभा राहतो, असे दिसले तर निदान जवळजवळ पक्के समजावे, कारण ती बचाव-प्रतिमा होस्टओन्ली नसते आणि तिच्यात सर्वसाधारण ड्रायव्हर भरलेले असतात. मात्र त्या नोंदीवर सर्व्हर चालता ठेवणे योग्य नाही. ती प्रतिमा बहुधा प्रणाली बसवली तेव्हाच्या कर्नलची असते आणि कर्नल अद्ययावत केला तरी ती बदलत नाही, त्यामुळे सुरक्षेच्या दुरुस्त्या तिच्यापर्यंत पोहोचत नाहीत.

डेबियन आणि उबुंटूमध्ये ‘इनिटरॅमएफएस-टूल्स’ सामान्यतः ‘मॉड्यूल्स’ या चलाचे मूल्य ‘मोस्ट’ ठेवते, आणि त्यात एनव्हीएमई येते. तरीही ड्रायव्हर हरवला असेल, तर ‘/ईटीसी/इनिटरॅमएफएस-टूल्स/कॉन्फ.डी’ या निर्देशिकेत ‘ड्रायव्हर-पॉलिसी’ नावाची फाइल आहे का ते पाहावे. डेबियनच्या स्थापनेच्या वेळी ‘याच यंत्रापुरते ड्रायव्हर’ असा पर्याय निवडला असेल, तर तेथे ‘मॉड्यूल्स’ला ‘डेप’ हे मूल्य दिलेले असते, आणि मुख्य संरचना-फाइलीत ‘मोस्ट’ लिहिलेले असले तरी या निर्देशिकेतली फाइल तिच्यावर मात करते. अनेक जण मुख्य फाइल पाहून समाधान मानतात आणि तिढा सुटत नाही, तो यामुळे.

प्रतिमेत काय आहे हे पाहण्यासाठी डेबियनमध्ये ‘एलएसइनिटरॅमएफएस’ आणि रेड हॅटमध्ये ‘एलएसइनिटआरडी’ या आज्ञा आहेत. त्यांच्या यादीत ‘एनव्हीएमई’ शोधावे. नाव सापडले नाही तर लगेच घाबरू नये, कारण काही कर्नलमध्ये हा ड्रायव्हर अंगभूत असतो आणि तसे असल्यास मॉड्यूलच्या निर्देशिकेतल्या ‘मॉड्यूल्स.बिल्टिन’ या फाइलीत त्याची नोंद मिळते. इंटेलच्या काही सर्व्हरवर फर्मवेअरमध्ये व्हीएमडी ही सोय चालू असते; त्या वेळी एनव्हीएमई डिस्क तिच्या आड जातात आणि इनिटरॅमएफएसमध्ये ‘व्हीएमडी’ नावाचा वेगळा ड्रायव्हरही लागतो. एनव्हीएमईचा ड्रायव्हर असूनही डिस्क दिसत नसेल, तर ही शक्यता आधी तपासावी.

स्थलांतर अजून व्हायचे असेल, तर रेड हॅट घराण्यात ‘/ईटीसी/ड्रॅकट.कॉन्फ.डी’ या निर्देशिकेत एक लहान फाइल ठेवून ‘अ‍ॅड_ड्रायव्हर्स’ या चलात एनव्हीएमई जोडावे आणि ‘ड्रॅकट -एफ --रीजनरेट-ऑल’ चालवावे. अवतरणचिन्हांच्या आत ड्रायव्हरच्या नावाच्या दोन्ही बाजूंना रिकामी जागा सोडावी लागते. ती न सोडल्यास दोन फाइलींतली नावे एकमेकांना चिकटतात आणि भलत्याच नावाचा ड्रायव्हर शोधला जातो. आज्ञेला एकदाच पर्याय देण्यापेक्षा फाइल ठेवणे केव्हाही चांगले, कारण पुढचा कर्नल बसवताना ड्रॅकट ही फाइल वाचेल, तुमचा त्या दिवशीचा पर्याय मात्र त्याला ठाऊक नसेल.

आदेश-ओळ परत जुनी का होते?

डेबियन आणि उबुंटूमध्ये ‘ग्रब.सीएफजी’ ही निव्वळ प्रत आहे. ‘अपडेट-ग्रब’ चालले की ती नव्याने लिहिली जाते, आणि कर्नलचे अद्ययावतीकरण तर तिला दर वेळी चालवतेच. त्या फाइलमध्ये हाताने केलेली दुरुस्ती त्यामुळे पुढच्या कर्नलपर्यंतच टिकते. दिलासा असा की मूळ फाइलप्रणालीचा यूयूआयडी ‘अपडेट-ग्रब’ त्या क्षणी जोडलेल्या डिस्कवरून स्वतः शोधते. ते ‘/ईटीसी/डीफॉल्ट/ग्रब’मध्ये लिहिलेले पर्याय मात्र जसेच्या तसे उचलते. तेथे कोणी पूर्वी ‘रूट’ (मूळ फाइलप्रणाली) किंवा ‘रिझ्यूम’ (सुप्तावस्थेतून परतण्याची जागा) यांसाठी जुन्या डिस्कचे नाव टाकून ठेवले असेल, तर ते दर वेळी परत येईल. त्याच्या शेजारची ‘ग्रब.डी’ ही निर्देशिकाही पाहावी. क्लाउडच्या प्रतिमांवर तेथे हमखास काहीतरी ठेवलेले असते.

रेड हॅट घराण्यात मामला अधिक गुंतागुंतीचा आहे. आठव्या आवृत्तीपासून प्रत्येक कर्नलची नोंद ‘/बूट/लोडर/एंट्रीज’ या निर्देशिकेत स्वतंत्र फाइल म्हणून असते. आठव्या आवृत्तीत या नोंदी सामाईक पर्याय ‘ग्रबएन्व्ह’ या फाइलीतल्या ‘कर्नलऑप्ट्स’ या चलातून घेतात, तर नवव्या आवृत्तीत संपूर्ण ओळ प्रत्येक नोंदीत लिहिलेली असते. परिणामी, नवव्या आवृत्तीच्या अलीकडच्या उपआवृत्त्यांवर ‘ग्रब२-एमकेकॉन्फिग’ नुसते चालवले तर ‘/ईटीसी/डीफॉल्ट/ग्रब’मधला बदल आधीच्या नोंदींमध्ये उतरत नाही; त्यासाठी ‘--अपडेट-बीएलएस-सीएमडीलाइन’ हा पर्याय द्यावा लागतो, किंवा ‘ग्रबी --अपडेट-कर्नल=ऑल’ ही आज्ञा वापरून जुना पर्याय काढून नवा घालावा लागतो. मला दुसरी वाट अधिक भरवशाची वाटते, कारण ‘ग्रबी --इन्फो=ऑल’ लगेच चालवून प्रत्येक नोंदीची ओळ डोळ्यांखालून घालता येते.

एवढे करूनही नवा कर्नल जुनी ओळ घेऊन येत असेल, तर ‘/ईटीसी/कर्नल/सीएमडीलाइन’ ही फाइल उघडून पाहावी. नव्या कर्नलची नोंद तयार करताना ही फाइल असल्यास तिच्यातली ओळ घेतली जाते. आधीच्या सगळ्या नोंदी दुरुस्त झाल्या, सर्व्हर अनेक वेळा नीट रीबूटही झाला, आणि तरी पुढचा कर्नल आला त्या रात्री तो पडला, या तक्रारीचे मूळ पुष्कळदा याच एका ओळीच्या फाइलीत असते. यूयूआयडीखेरीज एलव्हीएमच्या (डिस्कांची जागा खंडांत वाटणाऱ्या व्यवस्थेच्या) खंडांची, एमडी संचाची (लिनक्सच्या सॉफ्टवेअर रेडची) आणि लक्स कूटबद्धतेची ओळखही या ओळीत असू शकते. एलव्हीएमच्या खंडगटाचे नाव बदलले असेल, किंवा एमडी संच नव्याने बांधला असेल, तर त्याही नोंदी बदलाव्या लागतात.

एलव्हीएमबाबत नवव्या आवृत्तीने आणखी एक नोंदवही आणली आहे. ‘/ईटीसी/एलव्हीएम/डिव्हायसेस/सिस्टम.डिव्हायसेस’ या फाइलीत ज्या डिस्क नोंदलेल्या नाहीत, त्यांच्याकडे एलव्हीएम पाहतच नाही. ‘पीव्हीक्रिएट’ आणि ‘पीव्हीमूव्ह’ वापरून विदा हलवली असेल तर नवी डिस्क आपोआप नोंदली जाते. पण डिस्कची हुबेहूब नक्कल केली असेल, तर ‘एलव्हीएमडिव्हायसेस --चेक’ चालवून पाहावे, गरज पडल्यास नवी डिस्क ‘--अ‍ॅडडेव्ह’ने नोंदवावी, आणि त्यानंतर इनिटरॅमएफएस पुन्हा तयार करावे.

डेबियनवर स्वॅप (स्मृतीला पूरक अशी डिस्कवरची जागा) नव्याने तयार केले असेल, तर ‘कॉन्फ.डी’मधली ‘रिझ्यूम’ ही फाइल जुन्या स्वॅपचा यूयूआयडी धरून बसते आणि प्रत्येक बूट उगाच लांबतो. सर्व्हरला सुप्तावस्था बहुधा लागत नाही, तेव्हा तेथे सरळ ‘नन’ लिहून ‘अपडेट-इनिटरॅमएफएस -यू -के ऑल’ चालवावे.

ग्रब आणि फर्मवेअर

जुन्या बायोस पद्धतीने बूट होणाऱ्या डेबियन किंवा उबुंटू सर्व्हरवर ‘ग्रब-पीसी’ हे पॅकेज आपण कोणत्या डिस्कवर बसलो होतो हे पॅकेज व्यवस्थेच्या नोंदवहीत लक्षात ठेवते. डिस्क बदलल्यावर ही नोंद बदलत नाही. मग ग्रबचे अद्ययावतीकरण आले की ‘/बूट’मधली मॉड्यूल नवी होतात, पण डिस्कच्या सुरुवातीला असलेला गाभा जुनाच राहतो, आणि पुढच्या बूटला दोघांचे जमत नाही. जुलै २०२० मध्ये ‘बूटहोल’ नावाने ओळखल्या गेलेल्या ग्रबमधील त्रुटीच्या दुरुस्त्या आल्या, तेव्हा ‘ग्रब_कॅलॉक’ हे चिन्ह सापडत नाही असे सांगून कितीतरी यंत्रे बचाव-प्रॉम्प्टवर थांबली, त्यामागे हेच कारण प्रामुख्याने होते. दोष त्या दुरुस्तीचा म्हणून तिला बोल लावला गेला, पण चुकीची नोंद मुळात आधीपासून बसलेली होती. नुसते ‘ग्रब-इन्स्टॉल’ चालवून आजचे भागते. नोंद बदलायची असेल तर ‘डीपीकेजी-रीकॉन्फिगर ग्रब-पीसी’ चालवून नवी डिस्क निवडावी लागते.

यूईएफआय (बायोसच्या जागी आलेले नवे फर्मवेअर) असलेल्या सर्व्हरवर फर्मवेअरच्या स्मृतीतली नोंद डिस्कचे नाव ठेवत नाही. ती ईएफआय विभाजनाचा जीपीटी या विभाजन-सारणीतला ओळखक्रमांक ठेवते. नव्या डिस्कवर विभाजन नव्याने केले की हा क्रमांक बदलतो. ‘ईएफआयबूटएमजीआर -व्ही’ चालवून तो ‘बीएलकेआयडी’च्या ‘पार्टयूयूआयडी’शी ताडावा, आणि जुळत नसल्यास नवी नोंद करावी. काही फर्मवेअर डिस्क काढलेली दिसताच तिची नोंद आपणहून पुसतात, म्हणून ‘ईएफआय/बूट/बूटएक्स६४.ईएफआय’ या राखीव जागी बूटलोडरची प्रत असलेली बरी. डेबियनवर ‘डीपीकेजी-रीकॉन्फिगर ग्रब-ईएफआय-एएमडी६४’मध्ये तसा प्रश्नच विचारला जातो. रेड हॅटमध्ये शिम हे पॅकेज ती प्रत स्वतः ठेवते. तेथे यूईएफआय यंत्रावर ‘ग्रब२-इन्स्टॉल’ चालवू नये.

फर्मवेअर ग्रबपर्यंत पोहोचते, पण मेनू येत नाही, अशा वेळी ईएफआय विभाजनातली काही ओळींची ‘ग्रब.सीएफजी’ पाहावी. अमुक यूयूआयडीची फाइलप्रणाली शोध आणि खरी संरचना तेथून वाच, एवढेच ती सांगते. फाइलप्रणाली नव्याने तयार करून ‘आरसिंक’ने विदा आणली असेल, तर येथे जुना यूयूआयडी राहिलेला असतो. डेबियनवर ‘ग्रब-इन्स्टॉल’ ती पुन्हा लिहिते. रेड हॅट ९ वर मात्र ‘ग्रब२-एमकेकॉन्फिग’चे फलित या फाइलीवर कधीही ओतू नये, ते ‘/बूट/ग्रब२’मध्येच जायला हवे.

जुनी डिस्क यंत्रातच राहिली असेल तर

‘डीडी’ने नक्कल करून जुनी डिस्क ‘असू द्या, उपयोगी पडेल’ म्हणून यंत्रात ठेवण्याची सवय फार नडते. दोन फाइलप्रणालींचा यूयूआयडी एकच असतो, आणि कर्नल कोणती उचलेल याची शाश्वती नसते. एक्स्ट४ (फाइलप्रणालीचा एक प्रकार) यांपैकी एक मुकाट्याने जोडते, त्यामुळे सर्व्हर नव्या डिस्कवर आहे असे समजून सगळे निर्धास्त असतात आणि विदा प्रत्यक्षात जुन्या डिस्कवर लिहिली जात असते. एक्सएफएस एकाच यूयूआयडीची दुसरी फाइलप्रणाली जोडायला नकार देते, म्हणजे निदान आवाज तरी करते. बीटीआरएफएसमध्ये तर दोन्ही प्रती एकाच फाइलप्रणालीचा भाग समजल्या जाऊन नुकसान होण्याचा धोका आहे. स्थलांतरानंतर ‘फाइंडमाउंट /’ चालवून मूळ फाइलप्रणाली कोणत्या साधनावर आहे हे पाहणे म्हणूनच अनिवार्य समजावे.

नक्कल करताना दोन्ही डिस्कांचा तार्किक सेक्टर एकाच आकाराचा आहे ना, हेही पाहावे. जीपीटीमधले सगळे पत्ते सेक्टरच्या क्रमांकात असल्यामुळे ५१२ बाइटच्या डिस्कची नक्कल ४०९६ बाइटच्या डिस्कवर उतरवली, तर विभाजने ओळखलीच जात नाहीत. नवी डिस्क मोठी असेल, तर जीपीटीची राखीव प्रत मधेच कुठेतरी राहते. ती ‘एसजीडिस्क -ई’ने डिस्कच्या शेवटी न्यावी.

दुरुस्तीचा क्रम आणि खरी चाचणी

अडकलेल्या सर्व्हरसाठी लाइव्ह यूएसबीवरून बूट करावे, आणि यूईएफआय यंत्र असल्यास ती यूएसबीही यूईएफआय पद्धतीनेच सुरू करावी, अन्यथा फर्मवेअरच्या नोंदी बदलता येत नाहीत. नव्या डिस्कवरची मूळ फाइलप्रणाली जोडून तिच्या आत ‘/बूट’ आणि ‘/बूट/ईएफआय’ जोडावेत, मग ‘डेव्ह’, ‘प्रॉक’, ‘सिस’ व ‘रन’ यांची बांधणी (बाइंड माउंट) करावी आणि ‘सीएचरूट’ करावे, म्हणजे त्या प्रणालीच्या आत जावे. ‘/बूट’ जोडायचे राहिले, तर सर्व आज्ञा यशस्वी होतात, पण त्यांचे फलित रिकाम्या निर्देशिकेत पडते आणि बूटला त्याचा काहीही उपयोग होत नाही. आत गेल्यावर आधी एफएसटॅब, मग आदेश-ओळीची मूळ फाइल, त्यानंतर इनिटरॅमएफएस, आणि शेवटी ग्रब व फर्मवेअरची नोंद, हा क्रम ठेवावा, कारण पुढच्या पायऱ्या आधीच्या फाइली वाचतात. ‘सीएचरूट’मध्ये ‘यूनेम -आर’ लाइव्ह यूएसबीच्या कर्नलची आवृत्ती सांगते. म्हणून ड्रॅकट चालवताना एक तर सर्व्हरवरच्या कर्नलची आवृत्ती स्वतः द्यावी किंवा ‘--रीजनरेट-ऑल’ वापरावे.

सर्व्हर एकदा सुरू झाला म्हणजे काम संपले असे धरू नये. जुनी डिस्क प्रत्यक्ष काढून, वीज पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावे. काही फर्मवेअर नुसत्या रीबूटला जुन्याच नोंदीवर चालतात. ते जमले की आणखी एक कर्नल मुद्दाम बसवावा किंवा असलेल्या कर्नलचे पॅकेज पुन्हा बसवावे, तयार झालेली नवी नोंद आणि नवी इनिटरॅमएफएस प्रतिमा वर सांगितल्याप्रमाणे तपासावी, आणि तिच्यावर बूट करून पाहावे. मूळ नोंदी बदलल्या आहेत की नुसत्या प्रती, हे या दुसऱ्या बूटवरच कळते. जुन्या डिस्कवर ‘वाइपएफएस’ (फाइलप्रणालीच्या खुणा पुसणारी आज्ञा) चालवायचे ते यानंतर, आणि तेव्हाही ‘एसडीए’ किंवा ‘एसडीबी’ या नावावर विसंबून न राहता ‘/डेव्ह/डिस्क/बाय-आयडी’मधला अनुक्रमांक डिस्कवरच्या लेबलशी जुळवून.